तीन किलोमीटर गेले कुठे?

२०२२ मध्ये आतेभावाकडून गाडी घेतली तेव्हा तो म्हणाला होता, "शहरात पंधरा देते, हायवेला अठरा-एकोणीस. कमी दिलं तर मला फोन कर." बाराशे सीसीची साधी पेट्रोल हॅचबॅक, २०१५चं मॉडेल. पहिली दोन वर्षं फोन करायची वेळ आली नाही. २०२५च्या पावसाळ्यात मात्र पुण्यात कोथरूड ते कॅम्प या रोजच्या जाण्यायेण्यात तिने बाराच द्यायला सुरुवात केली.

कारण सोसायटीत सगळ्यांकडे तयार होतं. इथेनॉल. त्या ऑगस्टमध्ये लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, व्हॉट्सअॅपवर दुसरा विषयच नव्हता. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे अॅव्हरेज पडलं, पाइप सडले, इंजिनं बसली. मी बँकेत कर्जविभागात आहे. कुणी आकडा न सांगता नुसतं "फार कमी झालं हो" म्हटलं की मला आधी स्टेटमेंट मागावंसं वाटतं. माझ्याही मनात इथेनॉलबद्दल राग होताच, पण पंधराचे बारा म्हणजे वीस टक्के घट. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आणि घटही वीस टक्के, याचा अर्थ इथेनॉल नुसतं पाणी असल्यासारखं निघालं. तसं असतं तर उसाच्या पट्ट्यात एवढे कारखाने ते कशाला काढत बसले असते?

म्हणून आधी मोजणं नीट केलं. डॅशबोर्डवर जे अॅव्हरेज दिसतं ते गाडीने स्वतःलाच दिलेले मार्क असतात, माझी गाडी तिथे तेरा दाखवत होती. खरी पद्धत जुनीच: टाकी ऑटो कटपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद होईपर्यंत, भरायची, मीटर शून्य करायचं, टाकी बरीचशी रिकामी होईपर्यंत चालवायची, मग त्याच पंपावर, त्याच मशीनवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत. किलोमीटर भागिले लिटर. कट झाल्यावर पंपावरचा पोरगा "राउंड फिगर करू का ताई?" म्हणून पुन्हा नोझल दाबतो, तेवढं त्याला करू द्यायचं नाही, कारण मग दोन वेळची पातळी सारखी राहत नाही. दोन-तीन टाक्या अशा मोजल्यावर आकडा बाराच्या आसपासच फिरत राहिला. म्हणजे भास नव्हता.

दुसरा संशय पंपावर. आपल्याकडे याबद्दल लोककथाच फार. पाचशेचं नको, पाचशे दहाचं टाका, कारण पाचशेचं सेटिंग केलेलं असतं. सकाळी भरा, थंड पेट्रोल जास्त येतं. हे दुसरं ऐकायला शास्त्रीय वाटतं, पण पेट्रोल एका अंशाला साधारण एक दशांश टक्का प्रसरण पावतं आणि पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे सकाळ-दुपार फारसा फरक पडत नाही. तीस लिटरमागे एखादा कप सुटेल फार तर. खरा उपाय कायद्यानेच दिलाय. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात पेट्रोल सोडून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिली इकडेतिकडे चालतं. मी मागितलं. मॅनेजरने आधी माझ्याकडे आणि मग माझ्यामागच्या रांगेकडे पाहिलं, पण माप आणलं. पेट्रोल रेघेवर होतं. पंप सुटला.

मग पेट्रोलच्या आत काय आहे ते बघायचं ठरलं. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने कुठून तरी काचेचं शंभर मिलीचं मोजपात्र आणलं. हा प्रयोग गच्चीवर, मोकळ्या हवेत, विस्तवापासून लांब करायचा. माझ्या जावेने तेवढ्यात तुळशीपाशी उदबत्ती लावायला काढली तेव्हा आम्ही दोघंही ओरडलो. पात्रात ५० मिली पाणी, वर ५० मिली पेट्रोल, तोंड घट्ट बंद करून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. पाणी आणि पेट्रोल एकमेकांत मिसळत नाहीत, पण इथेनॉलला पाण्याची ओढ जास्त. ते पेट्रोल सोडून खाली उतरतं. थोड्या वेळात मधली रेघ स्वच्छ झाली. खालचा थर ५० वरून ५९ वर आला होता, वरचं पिवळसर पेट्रोल तेवढंच आटलं होतं. इथेनॉल आणि पाणी एकत्र आले की किंचित आकसतात, म्हणून पूर्ण ६० दिसत नाही. म्हणजे पन्नासात दहा, वीस टक्के, सरकार म्हणतं तेवढंच. भेसळ नाही, जास्तीचं इथेनॉलही नाही. (उरलेलं मिश्रण मोरीत ओतू नका. आम्ही बाटलीत भरून गॅरेजवाल्याला दिलं.)

आता हिशेब. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१. २०२२ मध्ये मी गाडी घेतली तेव्हा पंपावर दहा टक्केवालं मिळायला लागलं होतं. दहाचे वीस टक्के झाल्यावर लिटरमागची ऊर्जा साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते. निती आयोगाच्या २०२१च्या अहवालात जुन्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के घट धरली आहे, पण ती मुळात बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांची. काहीही धरा, माझे पंधरा फार तर साडेचौदावर यायला हवे होते, हट्टाने चौदावर. बाकीचे दोन किलोमीटर इथेनॉलच्या नावावर टाकता येत नव्हते.

या टप्प्यावर भाच्याने खिशातून काडेपेटीएवढा स्कॅनर काढला. स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर एक सॉकेट असतं, त्यात हा लावायचा, ब्लूटूथने मोबाइलला जोडायचा, आणि इंजिनचा कंप्युटर काय विचार करतोय ते आकड्यांत दिसतं. हजार रुपयांच्या आत मिळतो. मला वाटतं जुनी गाडी असलेल्या प्रत्येकाने हा घेऊन ठेवावा, निदान गॅरेजला गेल्यावर आपण अगदीच अडाणी दिसत नाही.

त्याने पहिली दाखवली ती फ्युएल ट्रिम, म्हणजे कंप्युटर ठरलेल्यापेक्षा किती कमी-जास्त पेट्रोल सोडतोय तो आकडा. पेट्रोल नीट जळायला एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच भाग. त्यामुळे इथेनॉल वाढलं की तेवढ्याच हवेला जास्त इंधन सोडावं लागतं. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर सांगतो की मिश्रण कोरडं पडतंय, आणि कंप्युटर सवयीपेक्षा थोडं जास्त पेट्रोल सोडतो. माझी गाडी सहा टक्के जास्त सोडत होती. हे अपेक्षितच.

अपेक्षित नव्हतं ते कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान. आम्ही कोथरूडहून चांदणी चौकातून बाहेर पडून हायवेला लागलो होतो, इंजिन अर्ध्या तासाहून जास्त चाललेलं. भाचा मागून म्हणाला, "मावशी, हे ६६ दाखवतंय. नव्वदच्या आसपास पाहिजे." सिग्नलला थांबलो की ते ७५पर्यंत चढायचं, गाडी पळायला लागली की पुन्हा खाली. माझ्या गाडीत तापमानाचा काटा नाही. इंजिन थंड असेल तर निळा दिवा, फार तापलं तर लाल. निळा दिवा केव्हाच विझलेला, लाल कधी लागलाच नाही, त्यामुळे मधे काय चाललंय हे कळायला मार्गच नव्हता.

आणि मग २०२४चा मे महिना आठवला. कराडला माहेरी जाताना खंबाटकीच्या चढावर लाल दिवा लागला होता. होज, म्हणजे कूलंटचा रबरी पाइप, फुटला होता. घाट उतरल्यावर हायवेकडेच्या एका गॅरेजमध्ये होज बदलून, कूलंट भरून आम्ही पुढे गेलो होतो. त्या गॅरेजवाल्याने आणखी काय केलं ते आमच्या कोथरूडच्या मेकॅनिककडे उघडलं. इंजिनच्या कडेला दोन बोल्टचं एक झाकण असतं, ते त्याने काढलं, आत टॉर्च मारला आणि मला बोलावलं. "बघा ताई, घर आहे, घरमालक नाही." आत नुसती रबरी रिंग. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून टाकलेला.

ही आपल्याकडची जुनी रीत. गाडी तापली की वॉल्व्ह काढायचा, पाणी सतत रेडिएटरमधून फिरत राहतं, गाडी पुन्हा तापत नाही, गिऱ्हाईक खूश. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते खपून गेलं. आताचा कंप्युटर मात्र कूलंटचं तापमान बघून ठरवतो की इंजिन थंड आहे की गरम. थंड वाटलं की तो जास्त पेट्रोल सोडतो, जुन्या गाडीत आपण चोक ओढायचो तसं, आणि आयडलिंगही चढं ठेवतो. माझी गाडी दीड वर्षाच्या आसपास अर्धा चोक ओढून फिरत होती म्हणा ना.

नवीन वॉल्व्ह हजाराच्या आतबाहेर आला. तो बसवण्याआधी मेकॅनिकने शेजारच्या टपरीवरून चहाच्या भांड्यात उकळतं पाणी मागवलं. वॉल्व्हवर ८२ असा आकडा कोरलेला असतो, तेवढ्या अंशाला तो उघडायला लागतो. आत मेण भरलेलं असतं, ते वितळून फुगलं की दट्ट्या ढकलतं. त्याने पक्कडीत धरून वॉल्व्ह पाण्यात सोडला. काही क्षण काहीच नाही, मग पितळी तबकडी हळूहळू वर उचलली गेली आणि कडेने बोटभर फट दिसली. बाहेर काढल्यावर स्प्रिंगने ती पुन्हा मिटली. टपरीवाला म्हणाला, आता त्या भांड्याचं काय करू. ते आम्ही विकत घेतलं.

गाडी जॅकवर होतीच, तर मेकॅनिकने चारही चाकं हाताने फिरवून पाहिली. पुढचं डावं चाक अर्ध्या फेऱ्यात अडलं, ब्रेकचे पॅड धरणाऱ्या कॅलिपरची पिन गंजून जाम झाली होती. म्हणजे ब्रेक न दाबताही पॅड डिस्कला घासत होता. पिन साफ करून ग्रीस लावल्यावर चाक मोकळं फिरलं. हे तपासायला स्कॅनर वगैरे काही लागत नाही. लांबच्या प्रवासानंतर चाकाजवळ हात न्या, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा भलतंच तापलं असेल तर तिथे गडबड आहे.

टायरचं काय सांगायचं, सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बघत नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर हवेच्या दाबाचा स्टिकर असतो, माझ्या गाडीला ३२ पीएसआय. प्रत्यक्षात २६-२७ होती. हवा गाडी थंड असताना मोजायची, चालवून आल्यावर आकडा तीन-चारने फुगतो. एक पीएसआय कमी झाला की इंधन साधारण ०.२ टक्के जास्त जातं, म्हणजे हा काही मोठा चोर नाही, पण टायरही लवकर झिजतो. नायट्रोजनसाठी पैसे देऊ नका एवढंच सांगते, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट असतो. एअर फिल्टरही बदलला. इंजेक्शनच्या गाडीत मळलेल्या फिल्टरने पिकअप जातो, अॅव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. पण जुना काढला तेव्हा त्यात पिंपळाची अख्खी पानं होती, ती पाहून बरं वाटेना.

या सगळ्यानंतर पहिली टाकी तेरा पूर्णांक आठ. दुसरी चौदा.

आता कुठलं पेट्रोल? यावर मला सगळ्यात जास्त सल्ले मिळाले. पंपावर साध्याच्या शेजारी लिटरमागे सहा-आठ रुपये जास्त घेणारं ९५ ऑक्टेनचं असतं, आणि काही मोजक्या पंपांवर १०० ऑक्टेनचं. आमच्या शेजारचे काका दर महिन्याला एक टाकी "पॉवरवालं" टाकतात, इंजिनला टॉनिक म्हणून. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. पिस्टनने मिश्रण दाबल्यावर ते ठिणगीच्या आधीच भडकू नये, याची ती सहनशक्ती. आधी भडकलं की चढावर इंजिन टकटक करतं, त्याला नॉकिंग म्हणतात. टर्बो इंजिनात दाब जास्त, तिथे कंपनीने पुस्तिकेत ९५ किंवा वरचं सांगितलं असेल तर ते टाकावंच. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ९१ लिहिलंय. बीएस-६ हे २०२०चे प्रदूषणाचे नियम येण्याआधीच साध्या पेट्रोलची किमान पातळी ९१ झाली होती. शिवाय इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर, त्यामुळे ई-२० झाल्यावर साधं पेट्रोलही ९५च्या जवळ जातं, हे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५च्या खुलाशात सांगितलं. मग ९५साठी वेगळे पैसे कशाचे? त्यात इंजेक्टर साफ ठेवणारी रसायनं असतात, तेवढाच फरक उरतो. आणि त्या ९५मध्येही इथेनॉल असतंच.

१००चं निराळं. इंडियन ऑइलचं एक्सपी-१०० डिसेंबर २०२० मध्ये पहिल्यांदा दहा शहरांत आलं, त्यात पुणं होतं. त्यात इथेनॉल नसतं, म्हणून भाच्याचा आग्रह होता की एकदा तरी टाकून बघू. टाकलं. लिटरला एकशे साठच्या घरात, पंपावरच्या पोराने दोनदा विचारून खात्री करून घेतली. अॅव्हरेज वाढलं, सव्वाचौदाचं पंधरा झालं. म्हणजे ऊर्जेचा हिशेब जागेवर बसला. आणि पैशांचा? साध्यावर किलोमीटरला सव्वासात रुपये, यावर साडेदहाच्या पुढे. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर बिनइथेनॉलचं भरून ठेवण्यात अर्थ आहे, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि फार पाणी झालं की टाकीच्या तळाशी वेगळं होऊन बसतं. रोज चालणाऱ्या गाडीला नाही. त्यापेक्षा पावसाळ्यात टाकी तळाला जाऊ देत नाही आणि रबरी होज दर सर्व्हिसिंगला बघायला सांगते. पेट्रोलच्या झाकणाच्या आत माझ्या गाडीला ई-१०चा स्टिकर आहे. ई-२०साठीचे रबरी भाग नव्या गाड्यांत एप्रिल २०२३ पासून आले, त्याआधीच्या गाड्या रस्त्यावर अजून भरपूर आहेत. मला खरी चीड आहे ती इथे: दोन्ही प्रकार शेजारीशेजारी ठेवले असते आणि कमी ऊर्जेचं थोडं स्वस्त दिलं असतं तर कुणी ओरडलं नसतं.

हे मी कराडला मामेभावासमोर म्हणाले. त्याचा चार एकर ऊस. तो हसला. "तुझं आव्हरेज पडलं म्हणूनशान आमचं बिल निघतंय की गं. आधी वरीस वरीस वाट बघायचो." पण तोही पूर्ण खूश नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, मग थोडे सैल केले, आणि तोवर मक्याने आघाडी घेतली. आता देशातलं निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्यापासून होतं. "आता मकेवाल्यांचं बिल निघतंय," तो म्हणाला.

कराडच्या त्या वाटेवर उरलेली एक गोष्ट तपासून झाली, ती म्हणजे उजवा पाय. पुणं आणि कराड साधारण सारख्याच उंचीवर आहेत, त्यामुळे जाता-येता तुलना करता येते. जाताना ऐंशीला बांधून ठेवली, एकोणीसच्या वर गेली. येताना नवरा चालवत होता, शंभर-एकशे दहा, साडेसोळा. वेळेत फरक पडला वीसेक मिनिटांचा, तोही टोलनाक्यावर बराचसा विरघळला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, हे नवऱ्याला शाळेत शिकवलं होतं, त्याला ते पटतही होतं, पाय मात्र उचलवत नव्हता.

घाट उतरताना न्यूट्रल करणारे अजून बरेच आहेत, आमचे सासरेही. स्कॅनर लावून त्यांना दाखवलं. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंजेक्टर पेट्रोल सोडणं पूर्ण बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला आयडलिंगपुरतं पेट्रोल जळतंच, वर ब्रेकवर सगळा भार. सासरे बराच वेळ मोबाइलकडे बघत होते. "हे तुझं यंत्र चुकत असेल," म्हणाले.

शहरात एवढी मजा नाही. दोन हजार आरपीएमच्या आसपास वरचा गिअर, लांबूनच सिग्नल लाल दिसला की पाय उचलायचा, आणि नळस्टॉपपर्यंतच्या फेऱ्या चालत. थंड इंजिनाने मारलेली दीड किलोमीटरची फेरी सगळ्यात महाग, ती टाळली की महिन्याचा आकडा हलतो. मी राहते त्या कोथरूडच्या डोक्यावरच, वेताळ टेकडीला लागून, गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था आहे. जाहिरातीत बावीस-तेवीसचे आकडे येतात ते अशा संस्थांतल्या रोलरवरच्या चाचणीतून. एसी बंद, वीस मिनिटांच्या आत ठरलेला वेग, ताशी नव्वदच्या वर नाही. तिथून दोन किलोमीटर खाली, कर्वे रस्त्यावर, संध्याकाळी साडेसहाला ती चाचणी कुणी घेत नाही.

सध्या शहरात सव्वाचौदा चाललंय. पाऊण किलोमीटर इथेनॉलने नेलं, ते गेलं. नवऱ्याचं आता सीएनजी किटचं चाललंय. गॅस किलोला नव्वदीच्या घरात, किलोमीटरला चार-सव्वाचार रुपये पडेल, म्हणजे माझ्या महिन्याच्या सहाशे किलोमीटरवर अठराशे-एकोणीसशे वाचतील. किट पन्नास-साठ हजारांचं. अडीच-पावणेतीन वर्षांनी पैसे वसूल, तोवर गाडी तेरा वर्षांची होईल, आणि सिलिंडर बसला की डिकी गेली. कराडहून येताना गूळ, ज्वारी, शेंगांचं पोतं आणि आईने दिलेली लोणच्याची बरणी कुठे ठेवायची, याचं उत्तर त्याने अजून दिलेलं नाही.